तळ्यातून नदीत : निसटलेले पाळीव मासे आणि कृष्णेचे मूळ रहिवासी

सातारा व सांगली जिल्ह्यांतील कृष्णाकाठच्या मासळी बाजारात चिलापी हा आता सवयीचा मासा झाला आहे. स्वस्त, बारमाही आणि सहज मिळणारा. अनेक ग्राहक त्याला नदीचाच मासा समजतात. प्रत्यक्षात तो पूर्व आफ्रिकेतला. मत्स्यपालनासाठी तो भारतात आणला गेला, तळ्यांतून आणि जलाशयांतून बाहेर पडला आणि नद्यांमध्ये कायमचा स्थिरावला. तळ्यात पाळलेला मासा नदीत शिरला की तिथल्या मूळ माशांचे काय होते, हा प्रश्न जगभरातील मत्स्यशास्त्रज्ञांना गेली अनेक दशके सतावतो आहे. दर काही वर्षांनी महापुराला सामोऱ्या जाणाऱ्या कृष्णा खोऱ्यात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. येथे तळे आणि नदी यांच्यामधला बांध पुराच्या पाण्याखाली जातो, तेव्हा पाळीव आणि नैसर्गिक असा भेद उरत नाही.

पलायन म्हणजे काय?

पाळीव मासा नैसर्गिक पाण्यात दोन मार्गांनी पोहोचतो. पहिला मार्ग मुद्दाम सोडण्याचा. धरणांच्या जलाशयात मत्स्योत्पादन वाढावे म्हणून मत्स्यबीज सोडले जाते आणि सांडव्यावरून ते खाली नदीत उतरते. दुसरा मार्ग निसटण्याचा. तळ्याचा बांध फुटतो, पावसाळ्यात तळे भरून वाहते, पिंजऱ्याची जाळी फाटते किंवा तळे रिकामे करताना पाण्याबरोबर पिल्ले ओढ्यात जातात.

याखेरीज एक छुपा मार्गही आहे. मत्स्यबीज केंद्रातून आणलेल्या बोटुकलीच्या पिशवीत हव्या असलेल्या जातीबरोबर नको असलेल्या जातीची पिल्लेही मिसळून येतात. बोटभर लांबीच्या पिल्लांतून वेगळी जात ओळखणे अनुभवी मच्छीमारालाही अवघड जाते. हौस फिटल्यावर घरच्या काचपेटीतील शोभिवंत मासे नदीत किंवा विहिरीत सोडून देणाऱ्यांमुळेही परक्या जाती पसरतात.

मार्ग कोणताही असो, परिणाम सारखाच. मासा एकदा नदीत मिसळला की त्याला वेचून परत काढता येत नाही.

कृष्णेची मूळ मत्स्यसंपदा

महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी कृष्णा वाई, कराडमार्गे सांगलीकडे वाहते. कराडला प्रीतिसंगमावर तिला कोयना मिळते, तर सांगलीजवळ हरिपूरला वारणा. सह्याद्रीच्या उताराचे थंड, वेगवान झरे आणि पठारावरचे खोल, संथ डोह अशी दोन्ही प्रकारची आश्रयस्थाने या टापूत असल्याने येथील मत्स्यवैविध्य मोठे आहे.

या माशांचा पहिला पद्धतशीर अभ्यास कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी केला. मुंबई इलाख्याच्या सेवेतील या अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांचे वर्णन १८३९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी अनेक जातींना स्थानिक मच्छीमारांच्या तोंडची नावेच शास्त्रीय नावे म्हणून दिली. ‘कोलस’, ‘खुद्री’, ‘नुक्ता’, ‘पोटेल’ ही नावे आजही प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत टिकून आहेत. दख्खनी महसीर या नावाने ओळखला जाणारा मासा म्हणजेच साइक्स यांचा खुद्री.

अलीकडच्या काळात पुण्यातील अभ्यासकांनी या नद्यांची पुन्हा पाहणी केली. कोयना नदीच्या माशांवरील शोधनिबंध २०११ मध्ये, तर वाई येथील कृष्णेच्या माशांवरील निबंध २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही ठिकाणी पन्नासहून अधिक जाती आढळल्या. त्यांपैकी अनेक फक्त पश्चिम घाटात आणि काही केवळ कृष्णेच्या खोऱ्यात सापडणाऱ्या आहेत. याच पाहण्यांत बाहेरून आलेल्या जातींचीही नोंद झाली आणि मूळ माशांना असलेल्या धोक्यांत त्यांची गणना करण्यात आली.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०११ मध्ये केलेल्या मूल्यांकनात नुक्ता आणि पोटेल या जाती ‘संकटग्रस्त’, तर कोलस ‘असुरक्षित’ गटात आहे. दख्खनच्या नद्यांबाहेर या माशांना दुसरे घर नाही. इथून गेले, तर ते जगातूनच गेले, असा त्याचा अर्थ होतो.

परके मासे : कोण, कुठले, कधी आले?

चिलापी : मोझांबिक तिलापिया ही जात १९५२ मध्ये भारतात आणण्यात आली. तिचे उपद्रवमूल्य लवकरच ध्यानात आले आणि १९५९ मध्ये मत्स्य संशोधन समितीने तिच्या प्रसारावर बंदीची शिफारस केली. तोवर ती अनेक राज्यांत पोहोचली होती. हा मासा दोन-तीन महिन्यांत प्रजननक्षम होतो आणि वर्षातून अनेकदा वितो. मादी अंडी व पिल्ले तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्ले जगण्याचे प्रमाण मोठे असते. दाटी झाली की मासे खुरटतात. जाळे भरते, पण बोटाएवढ्या माशांनी. जगातील सर्वाधिक उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत या माशाचा समावेश आहे. गेल्या काही वर्षांत याच कुळातील नाइल तिलापियाच्या सुधारित वाणाला अटींसह परवानगी मिळाल्याने चिलापीचे पालन पुन्हा वाढले आहे.

सायप्रिनस : कॉमन कार्प या जातीचे एक वाण १९३९ मध्ये श्रीलंकेतून निलगिरीत आणले गेले आणि दुसरे, बँकॉक वाण, १९५७ मध्ये आले. महाराष्ट्रातील मच्छीमार त्याला सायप्रिनस म्हणतात. तळाचा गाळ उकरून अन्न शोधण्याच्या त्याच्या सवयीमुळे पाणी गढूळ होते, पाणवनस्पती उपटल्या जातात आणि तळाशी घातलेली इतर माशांची अंडी नष्ट होतात.

चंदेरी व गवत्या मासा : सिल्व्हर कार्प आणि ग्रास कार्प या दोन्ही जाती १९५९ मध्ये भारतात आल्या. चंदेरी मासा पाण्यातील सूक्ष्म प्लवंगांवर जगतो, तर गवत्या पाणवनस्पती फस्त करतो. वनस्पती गेल्या की त्यांच्या आडोशाने वाढणाऱ्या लहान माशांचा आसरा जातो.

थाई मांगूर : नाव थाई असले, तरी हा मासा आफ्रिकेचा आहे. थायलंड आणि बांगलादेशमार्गे तो १९९० च्या दशकात चोरट्या मार्गाने भारतात आला. तो अत्यंत खादाड व मांसभक्षी असून हवेतून श्वास घेऊ शकतो. त्यामुळे कमी प्राणवायूच्या घाण पाण्यातही तो तग धरतो आणि ओल्या जमिनीवरून सरपटत एका डबक्यातून दुसऱ्यात जातो. केंद्र सरकारने २००० मध्ये त्याच्या पालनावर बंदी घातली. तरीही पालन सुरूच राहिल्याने २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कारवाईचे आदेश दिले. त्यानंतर राज्यात ठिकठिकाणी साठे नष्ट करण्यात आले.

पंगस आणि रूपचंद : आग्नेय आशियातील पंगस १९९० च्या दशकात, तर दक्षिण अमेरिकेतील रूपचंद त्यानंतरच्या दशकात पश्चिम बंगालमार्गे देशात शिरला. पंगसच्या पालनाला आता नियमांच्या चौकटीत परवानगी आहे.

कटला, रोहू, मृगळ : हे मासे भारतीयच आहेत. मात्र ते मूळचे गंगा खोऱ्याचे. कृष्णेत ते बाहेरून आणले गेले. प्रेरित प्रजननाच्या तंत्राने त्यांचा प्रसार सुकर झाला. डॉ. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हे तंत्र प्रथम यशस्वी केले. त्या दिवसाच्या स्मरणार्थ १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. या तंत्राने देशात स्वस्त मासळी उपलब्ध झाली, हे निर्विवाद. त्याचबरोबर एका खोऱ्याचे मासे दुसऱ्या खोऱ्यात नेणे ही नित्याची बाब झाली.

महापूर, शेततळी आणि धरणे

कृष्णा खोऱ्यात २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये आलेल्या महापुरांनी सांगली शहरासह नदीकाठच्या गावांत आठवडाभर पाणी ठेवले. शेती, घरे, जनावरे यांच्या नुकसानीची चर्चा झाली. नदीकाठी खोदलेल्या मत्स्यतळ्यांबाबतचा विचार सहसा मत्स्यशेतकऱ्याच्या आर्थिक हानीपुरता मर्यादित राहतो. पुराने तळे नेले म्हणजे त्यातील मासे मेले असे नव्हे. त्यांतील बहुतेक जिवंतच नदीत जातात आणि नव्या पाण्याला जुळवून घेतात.

केरळमध्ये ऑगस्ट २०१८ च्या पुरानंतर हेच उघडपणे दिसले. चालकुडी नदीत मच्छीमारांच्या जाळ्यात ॲमेझॉन खोऱ्यातील महाकाय अरापैमा मासा सापडू लागला. तेथील बेकायदा मत्स्यतळ्यांतून तो पुराबरोबर बाहेर पडला होता.

सर्वच तळी सारखी धोकादायक नाहीत. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ यांसारख्या कोरड्या तालुक्यांतील प्लॅस्टिक अस्तराची शेततळी उंच बांधाची असतात, पंपाने भरली जातात आणि ओढ्यापासून दूर असतात. त्यांतील मासे निसटण्याची शक्यता कमी. धोका येतो तो तळे रिकामे करताना पाणी ओढ्यात सोडल्यास. वाळवा, पलूस, मिरज, कराड या सखल, नदीलगतच्या पट्ट्यातील मातीची तळी मात्र थेट पुराच्या वाटेवर आहेत.

धरणांमुळे प्रश्नाला दुसरी बाजू येते. कोयना, धोम, कण्हेर, उरमोडी, वारणा या जलाशयांनी वाहत्या नदीचे स्थिर तलाव केले. सह्याद्रीतील अनेक मूळ मासे वाहत्या पाण्याचे आहेत. वळवाच्या आणि मृगाच्या पहिल्या पाण्याबरोबर ते प्रवाहाविरुद्ध वर चढतात आणि ओढ्यांच्या उथळ, खडकाळ तळावर अंडी घालतात. गावाकडे त्यांना ‘चढणीचे मासे’ म्हणतात. भिंतीने त्यांची वाट अडते. चिलापीला असल्या प्रवासाची गरजच नसते. ती साचलेल्या पाण्यात, जागच्या जागी वाढते. वाळूउपशाने अंडी घालण्याच्या जागा जातात आणि सांडपाण्याने प्राणवायू घटतो, तेव्हाही मूळ मासे आधी मरतात, चिलापी आणि मांगूर टिकतात. थोडक्यात, नदी जितकी बिघडते तितकी ती परक्या माशांच्या सोयीची होते. मूळ माशांच्या घटीचे सगळे खापर परक्या जातींवर फोडता येणार नाही, हेही यातून स्पष्ट होते.

नुकसान नेमके कसे होते?

पहिले कारण अन्न आणि जागेची स्पर्धा. दुसरे, अंडी व पिल्ले खाल्ली जाणे. तिसरे, रोग. तळ्यात दाटीने वाढलेले मासे परजीवी व जिवाणू घेऊन बाहेर पडतात. चौथे आणि सर्वांत अदृश्य कारण म्हणजे जनुकीय मिसळ.

निसटलेला मासा नदीतल्या जातीचाच असेल, तर बिघडले कुठे, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. तळ्यातल्या माशाची निवड पिढ्यान्‌पिढ्या वेगाने वाढण्यासाठी होते. त्याला शत्रू ओळखावा लागत नाही की दुष्काळातला डोह शोधावा लागत नाही. शिवाय, थोड्या जनक माशांपासून लाखो पिल्ले काढल्याने त्यांच्यातील विविधता कमी असते. असा मासा नदीतल्या माशाशी संकर करतो, तेव्हा संततीची जगण्याची क्षमता घटते.

आयर्लंडमधील बरिशूल नदीत सालमन माशांवर झालेल्या दीर्घ प्रयोगाचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. पाळीव सालमनच्या संततीचे नदीतील आयुष्यभराचे यश जंगली सालमनच्या तुलनेत अवघे दोन टक्के होते. संकरित मासे या दोहोंच्या मध्ये राहिले आणि दुसऱ्या पिढीतील संकराची सुमारे ७० टक्के अंडी फलन होऊनही मेली. म्हणजे निसटलेला मासा स्वतः टिकत नाही आणि जाताना मूळ वंशही दुबळा करून जातो.

देशातील आणि परदेशातील दाखले

पुरात निसटलेल्या माशांचे भारतातील ठळक उदाहरण हिमाचल प्रदेशातील गोविंदसागर जलाशयाचे आहे. १९७१ मध्ये देवळी येथील मत्स्यबीज केंद्रातील चंदेरी मासे पुराबरोबर जलाशयात शिरले. ते तेथेच विऊ लागले आणि काही वर्षांत जलाशयातील प्रमुख मासा बनले. त्याच काळात कटल्याचे प्रमाण घसरले. एका केंद्रातून एकदाच झालेल्या पलायनाने संपूर्ण जलाशयाची घडी बदलली.

कावेरीचे उदाहरण महाराष्ट्राशी थेट जोडलेले आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथील केंद्रात १९७० च्या दशकापासून दख्खनी महसीरची पैदास होत आली आहे. या दुर्मीळ माशाला जीवदान देण्याच्या हेतूने त्याची पिल्ले कर्नाटकात कावेरीतही सोडण्यात आली. कावेरीत कुबडा महसीर ही वेगळी, तिथलीच जात होती. गळाने मासेमारी करणाऱ्यांच्या अनेक वर्षांच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा बाहेरचा महसीर वाढत गेला आणि कुबडा महसीर जवळजवळ दिसेनासा झाल्याचे आढळले. २०१८ मध्ये या कुबड्या महसीरची शास्त्रीय ओळख निश्चित झाली आणि त्याची नोंद ‘अति संकटग्रस्त’ गटात करण्यात आली. कृष्णेच्या खोऱ्यात जो मासा जपायचा, तोच कावेरीत यजमानाच्या मुळावर आला. येथे मासे निसटले नव्हते, सद्हेतूने सोडले गेले होते. परिणाम मात्र तोच झाला.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात ऑगस्ट २०१७ मध्ये सायप्रस बेटाजवळचा पिंजरा कोसळून सुमारे अडीच लाख अटलांटिक सालमन समुद्रात गेले. पुढच्याच वर्षी तेथील विधिमंडळाने परक्या माशांचे असे पिंजरे टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा कायदा केला. फ्लोरिडात १९६० च्या दशकात आशियाई मांगूर मत्स्यतळ्यांतून निसटला आणि आता तो तेथे परका उपद्रवी ठरला आहे. आफ्रिकी मांगूर आपल्याकडे जे करतो, तेच आशियाई मांगूर तिकडे करतो. दोष जातीचा नसून ती चुकीच्या पाण्यात जाण्याचा आहे.

कायदा काय सांगतो?

परदेशी मासा देशात आणण्यासाठी केंद्र सरकारची परवानगी लागते. नाइल तिलापियासाठी २००९ मध्ये आणि पंगससाठी २०१० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे ठरविण्यात आली. नोंदणी, बाहेर जाणाऱ्या पाण्यावर जाळ्या आणि पुराच्या पट्ट्यापासून दूर जागा असा त्यांचा रोख आहे. तिलापियाच्या बाबतीत शक्यतो केवळ नर असलेले किंवा वांझ बीज वापरावे, असा आग्रह आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने परक्या उपद्रवी जातींची आयात, बाळगणे व प्रसार यांवर नियमन करण्याचा अधिकार केंद्राला मिळाला. अडचण अंमलबजावणीची आहे. गावोगावच्या लहान तळ्यांपर्यंत तपासणी पोहोचणे कठीण असते आणि स्वस्त बीज विकणारा व्यापारी जात सांगतोच असे नाही.

उपाय तळ्यापाशीच

नदीत पसरलेली जात समूळ काढणे व्यवहारात अशक्य असल्याने सर्व उपाय मासा निसटण्यापूर्वीचे आहेत. त्यांतील बहुतेक फारसे खर्चिक नाहीत.

• नदीकाठच्या नव्या तळ्यांसाठी जलसंपदा विभागाच्या पूररेषांचा आधार घ्यावा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. निळ्या रेषेच्या आत परक्या जातींचे पालन करूच नये.

• पाणी आत येण्याच्या आणि बाहेर जाण्याच्या तोंडाशी पिल्लेही अडतील अशी बारीक जाळी बसवावी आणि पावसाळ्यापूर्वी ती तपासावी.

• पूरप्रवण भागात मासळीची काढणी पावसाळ्यापूर्वी आटोपावी. असे केल्यास शेतकऱ्याचे उत्पन्न वाचते आणि नदीही वाचते.

• तळे रिकामे करताना पाणी ओढ्यात न सोडता शेताला द्यावे आणि तळ पूर्ण सुकू द्यावा.

• बोटुकली नोंदणीकृत केंद्रातूनच, पावती घेऊन खरेदी करावी. कमी दरात मिळणारे ‘मिश्र’ बीज टाळावे.

• काचपेटीतील मासे कोणत्याही कारणाने नदीत, विहिरीत अथवा तलावात सोडू नयेत.

जलाशयात सोडण्यासाठी कृष्णेच्याच जातींचे बीज तयार करणे हा दूरगामी उपाय आहे. त्यासाठी जनक मासे त्याच नदीतून, पुरेशा संख्येने घेतले पाहिजेत. अन्यथा कावेरीची पुनरावृत्ती होईल. कोयना आणि चांदोलीच्या संरक्षित जंगलातील ओढे या कामी मोलाचे आहेत. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या या क्षेत्रात मूळ मासे अद्याप आसरा धरून आहेत.

या साऱ्यात नदीवर पोट असलेल्या भोई समाजाचा आणि मच्छीमार सहकारी संस्थांचा विचार वगळता येणार नाही. चिलापीने अनेक घरांची चूल पेटती ठेवली आहे, हे वास्तव आहे. त्याचबरोबर वाम, मरळ, शिंगाडा यांसारख्या माशांना बाजारात जो भाव मिळतो, तो खुरटलेल्या चिलापीला मिळत नाही. मूळ मासा गेला तर पहिला फटका याच मच्छीमारांना बसतो. बाजारात मासळी किलोने मोजली जाते. जाती कोणत्या आणि किती हे जाळे ओढणाऱ्यालाच ठाऊक असते. त्याच्याकडून जातवार नोंदी घेण्याची व्यवस्था झाली, तर नवी परकी जात नदीत शिरल्याचे ती फैलावण्यापूर्वीच कळू शकेल आणि पुढच्या महापुरानंतर नदीत काय उतरले याचा हिशेबही ठेवता येईल.